अडीच की पाच

मी लिहायला बसलोय याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, पण तेवढ्यानं लिहिता येतं असं नाही. त्यात विषय गाडीच्या डिफरन्शियलचा. तरी त्या दिवसांतला आनंद कुणाला तरी सांगावासा वाटतो, म्हणून धीर केला.

सांगलीला आम्ही काही मुलं-मुली मिळून एक छोटी गाडी बांधत होतो. सांगाडा पाइपांचा, बाकीचे भाग इकडून तिकडून जमवलेले, इंजिन मोटारसायकलचं. वाईजवळ चढणीची एक स्पर्धा होणार होती. आदल्या वर्षीच्या गाडीचा क्लच अर्ध्या चढावरच जळला आणि पोरांनी ती ढकलत खाली आणली. या वेळी गाडी वर पोचली नाही तर वर्कशॉपमधली आमची जागा दुसऱ्यांना जाणार, असं कॉलेजनं सांगून टाकलं होतं.

सगळं अडलं होतं डिफरन्शियलवर. मागच्या दोन चाकांच्या मधे असतो तो गोल डबा. इंजिनाकडचा शाफ्ट किती वेळा फिरला की चाक एकदा फिरणार, हे तो ठरवतो. आकडा लहान असेल तर वेग जास्त, मोठा असेल तर ओढ जास्त. मोटारसायकलच्या इंजिनाला सवय दोन माणसांची. त्याच्या गळ्यात अख्खी गाडी बांधली की पहिल्याच गिअरला ते धापा टाकतं.

आमची कॅप्टन साताऱ्याची, माझ्या एक वर्ष पुढं. मीटिंगमध्ये मी कधी तोंड उघडत नसे, तर एकदा तिनंच मला उभं केलं.

"तुमच्याकडं ट्रॅक्टर हाय न्हवं? ओझं वढायचं तुला कळतं. सांग, किती पायजे?"

"पाच," मी म्हणालो. "वेग कमी होईल, पण चढंल."

"आणि न्हाई चढली तर?"

"तर माझं नाव सांगा."

"तुझं नाव सांगून गाडी वर जाती व्हय रं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण ठरलं पाचच.

मग ती आणि मी मिरजेला भंगाराच्या दुकानात गेलो. दुकानदार चाचांनी एका जुन्या व्हॅनचा चाकांसकट मागचा भाग दाखवला. वजनाला हलका, आमच्या सांगाड्यात बसेल असा. आम्ही एका बाजूला विटा लावून एक चाक उचललं, दुसरं जमिनीवरच राहू दिलं. चाकावर आणि शाफ्टवर खडूनं खुणा केल्या. तिनं उचललेलं चाक एकदा पुरतं फिरवलं, मी शाफ्ट मोजला. अडीच!

"फिरव परत," मी म्हणालो. परत अडीच.

"ह्येनं तर सपाटीला सुदिक दम लागंल," ती म्हणाली. तोंड पाडून आम्ही सांगलीची बस धरली.

खिडकीतून बाहेर बघता बघता मला आमचं रान आठवलं. ओल्या सरीत ट्रॅक्टर रुतला की एक चाक गप्प बसतं आणि दुसरं भिरभिरतं. वडील म्हणायचे, "त्ये एकटंच दोघांचं फिरतंया बघ." मी ताडकन उठलो. आमचंही एक चाक जमिनीवर बसलेलं होतं! उचललेल्या चाकाचा एक फेरा म्हणजे दोन्ही चाकांचा मिळून अर्धाच. अडीच नव्हे, त्याच्या दुप्पट!

"पाच हाय! पाचच हाय!" मी ओरडलो.

कंडक्टर म्हणाला, "पाच कुठली? तिकिटं तर दोनच काढलीत."

आम्ही पुढच्या थांब्याला उतरून मागं पळालो. या वेळी दोन्ही चाकं विटांवर घेतली, दोघांनी एकदम एकेक फेरा फिरवली. शाफ्ट पाच फेरे आणि वर थोडा फिरला. कॅप्टननं खडूचे हात माझ्या सदऱ्याला पुसले आणि हसत सुटली.

चाचा बघतच होते. "सकाळी अडीच, दुपारी पाच. उद्या आलात तर दहा होईल बेटा. भाव पण तसाच वाढवू काय?"

तो डबा गाडीला बसवला तेव्हा मी इतका खूश होतो की मेसमध्ये दोनदा भात घेतला. पण सांगलीत चढ म्हणजे पुलाचाच. खऱ्या चढाची परीक्षा वाईलाच व्हायची होती, आणि नेमकी तेव्हाच आमच्या उसाला तोड आली. कारखान्याची टोळी रानात उतरली की घरच्या माणसानं हलायचं नसतं. मी गावी, कुंडलला थांबलो, गाडी माझ्याशिवाय गेली.

दिवसभर वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे उचलत होतो आणि खिशातला फोन बघत होतो. रानात रेंज फक्त विहिरीच्या कट्ट्यावर. म्हणून सारखा तिकडं जायचो.

"सारखं काय बघतुयास त्यात?" वडील म्हणाले. "लगीन जमतंय का काय तुझं?"

"गाडी चढणार हाय, दादा."

"मग चढू दे की. तू कट्ट्यावर चढून तिला काय फायदा?"

टोळीतल्या बायकाही हसल्या. मी मात्र परत कट्ट्याकडं निघालो. पाच मीच म्हणालो होतो.

उन्हं कलल्यावर फोन वाजला. आधी नुसता गोंगाट, मग कॅप्टनचा बसलेला आवाज.

"चढली रं! दोनदा चढली!"

"दोनदा कशाला?"

"पैल्यांदा घड्याळ लावायचंच इसरले पंच. मग म्हणाले, परत चढवा. चढवली परत! क्लचला वास सुदिक न्हाई, गड्या!"