आप्पासोंनी पारखून आणलेला भोंगा

आगीला भिणाऱ्या माणसानं लग्नाचं कार्यालय काढावं, याला नशीब म्हणायचं नाहीतर काय! आप्पासो मूळचे म्हसवडकडचे. लष्करात असताना रसदीच्या कोठाराला आग लागली आणि त्यांचा जोडीदार आतच राहिला. तेव्हापासून घरात कुणी उदबत्ती लावली तरी ती विझेपर्यंत हा माणूस जागचा हलत नसे. निवृत्तीनंतर सांगलीच्या कडेला कार्यालय बांधलं. तिथं तर काय, समया, निरांजनं, भटारखाना, होम! बायको सुलाबाई थट्टा करायची, "देवापुढची वात बी ह्यास्नी शत्रूवानी दिसती."

आग लागताच कळवणारं यंत्र बसवायचं ठरलं, तेव्हा आप्पासोंनी दुकानदाराला अगदी भंडावून सोडलं. म्हैस घेतानाही त्यांनी एवढे दात मोजले नसतील. धूर ओळखणारं यंत्र नको, होमाच्या धुरानं रोज बोंबलेल. उष्णतेवर चालणारं नको, छत इतकं उंच की ते तापेपर्यंत खाली कोळसा व्हायचा. शेवटी दुकानदारानं फ्लेम डिटेक्टर पुढं ठेवला आणि म्हणाला, "हा धुराकडं, समईच्या वातीकडं ढुंकून बघत नाही. याला फक्त मोठी ज्वाळा दिसते."

"बास! ह्योच पायजे," आप्पासो म्हणाले. होमात धुरासोबत ज्वाळाही असते, हे शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही.

सभागृहाच्या दारावर, उंच, यंत्र बसलं. आप्पासोंनी सुलाबाईला मुद्दाम बोलावून कागद पेटवून दाखवला. भोंगा असा किंचाळला की तिनं कानांवर हात ठेवले.

"आता निवांत ऱ्हा," ते म्हणाले. "जरा कुटं पेटलं की ह्यो सगळं गाव गोळा करतोय."

पहिल्याच लग्नात होमात तूप पडलं आणि भोंगा वाजला. नवरीची आत्या रडायला लागली, अपशकुन झाला म्हणून दोन्हीकडची माणसं आप्पासोंच्या अंगावर धावली. दुकानदार म्हणाला, "त्याला होमाची ज्वाळा काय अन् पडद्याची काय, सारखीच. होम बाहेर घ्या." आप्पासोंनी अंगणात पत्र्याची शेड घातली आणि होम तिथं नेला. दुसऱ्या कुणी यंत्र काढून माळ्यावर टाकलं असतं. लोक 'पत्र्याखालचं लगीन' म्हणून हसले, कार्यालयाच्या तारखा रिकाम्या जाऊ लागल्या, मुलगा इंद्रजित बापाशी धड बोलेना. आप्पासो तसूभर हलले नाहीत.

मग नातीचं, समीक्षाचं लग्न ठरलं. घरचंच कार्यालय. व्याही साताऱ्याकडचे नानासो, ऊसवाले, पाहुण्यारावळ्यांत वजनदार. लग्नाच्या सकाळी त्यांनी शेड पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आप्पासो, आमची सून काय पत्र्याखाली सात पावलं चालणार व्हय? चार लोकांत आमचं नाक हाय."

नाक! जगातल्या निम्म्या आगी या नाकापायी लागतात. पण मुलीकडच्यांनी नाही म्हणायचं कुठं असतं? आप्पासोंनी इंद्रजितकडं पाहिलं, त्यानं मान फिरवली. मग आप्पासोंनी होम सभागृहात मांडायला सांगितला, शिडी मागवली, डोक्यावरचा भगवा फेटा सोडला आणि स्वतःच्या हातानं यंत्राच्या डोळ्यावर गुंडाळला. तासाभराचा तर प्रश्न, असं ते मनाशी म्हणाले. सुलाबाई तेव्हा आत नातीची वेणी घालत होती. नंतर दारावरचा फेटा तिनं पाहिला, तिला ती सजावट वाटली.

अक्षता पडल्या, मंडळी शेजारच्या मांडवात जेवायला गेली. होमाशी घरची माणसं आणि भटजी तेवढे राहिले. समीक्षा सात पावलं चालत होती, सनईची रेकॉर्ड कान फोडत होती. सभागृहाच्या मागच्या टोकाला पुरुषभर उंचीचा पडदा लावून रुखवत मांडलं होतं. सुलाबाईनं कितीतरी महिने खपून केलेली तोरणं, रुमाल, मण्यांचे मोर. तिथली समई कलंडली आणि तोरण पेटलं. सुलाबाई तिकडं एकटीच होती.

पडद्यातून जाळ वर आला तेव्हा लोक धावले. आग विझली. सुलाबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. लग्न मात्र पार पडलं, आणि नानासो जाताना म्हणाले, "देवाची कृपा, विधीत खंड न्हाई पडला." आप्पासोंना वाटलं, याच्या तोंडावर शिडी फेकावी. त्यांनी हात जोडले.

दवाखान्यात सुलाबाई शुद्धीवर आली. हातांना पांढऱ्या पट्ट्या. नातीची चौकशी केली, मग नवऱ्याकडं वळली.

"आवं, भोंगा का वाजला न्हाई? मला वाटलं, आता वाजंल, आता वाजंल. सगळी येतीलच म्हणून मी हातानंच इझवत बसले. न्हाईतर पळाले असते की."

इंद्रजित घाईनं म्हणाला, "बिघडला असंल, आई."

आप्पासोंचं तोंड उघडलं. खरं सांगायला एवढीच वेळ होती. त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "व्हय. बिघडला असंल."

सुलाबाई त्यांच्या उघड्या डोक्याकडं बघत राहिली.

"तुमी तर लय पारखून आणला व्हता," ती म्हणाली. "द्या परत त्येचा त्येला. भरवशाचा न्हाई त्यो."