ठाणं, कल्याण की डोंबिवली

घर शोधायला निघालेल्या माणसाला घर मिळेलच असं नाही, पण गोष्टी मात्र हमखास मिळतात. आमच्या कचेरीत त्या वर्षी त्या इतक्या साठल्या, की दुपारी डबे संपले तरी कुणी जागचं हलायचं नाही. रविवारी कोण कुठे जाऊन आलं ते आधी ऐकायचं, मग तपकीर, मग कागदपत्रं.

कारण खरं तर हसण्यासारखं नव्हतं. मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला होता. गिरगावात आमच्या चाळीच्या मागच्या गल्लीत उंदीर मरून पडू लागले आणि दर दोन दिवसांनी एखाद्या खोलीला नवं कुलूप दिसायला लागलं. ज्यांना गाव होतं त्यांनी बायकामुलांना गावी धाडलं. कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, आमच्या कचेरीत आम्ही तिघे कारकून असे होतो, की ज्यांना धाडायला गाव उरलं नव्हतं. मोरोपंत, विष्णुपंत आणि मी. नोकरी सोडता येत नव्हती आणि मुंबईत जीव रमत नव्हता. तेव्हा आगगाडीच्या वाटेवर कुठेतरी बिऱ्हाड करायचं ठरलं. पण कुठे, हे ठरेना.

आमचे हेडक्लार्क दादासाहेब यांनी हा प्रश्न सरकारी पद्धतीने हाती घेतला. त्यांनी एक मोठा कागद आखला. डाव्या अंगाला गावांची नावं आणि वर हवा, पाणी, बाजार, वैद्य, स्टेशनपासूनचं अंतर असे रकाने. आम्ही गावं पाहून यायची आणि तोंडी रिपोर्ट द्यायचा. दादासाहेब लाल शाईने शेरा मारत. 'हवा उत्तम, वैद्य मद्यपी' असा एक शेरा मला अजून आठवतो.

दादासाहेब विधुर, एकटेच राहायचे. एकदा मोरोपंतांनी त्यांना विचारलं, की इतकी गावं तुमच्या नजरेखालून गेली, मग तुम्ही स्वतः कुठे जाणार? दादासाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी गेलो तर तक्ता कोण भरणार?"

* * *

पहिला रिपोर्ट विष्णुपंतांचा, कोलशेतचा.

ठाण्याच्या पुढे खाडीकाठी एका मिठागरवाल्याचं घर भाड्याने द्यायचं होतं. विष्णुपंत सकाळी पोचले. घर पाहून खूश झाले. मोकळी हवा, पुढे ऐसपैस अंगण, चिखलाचं नाव नाही. भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर एक पांढरी रेघ होती. ही कसली, म्हणून विचारलं, तर घरमालक म्हणाला, मिठाची. मिठागरवाल्याच्या घरी मीठ असायचंच, असं समजून विष्णुपंत पुढे सरकले.

मालकाने केळी दिली, नारळ फोडला. गप्पांत दुपार कलली. उठावं म्हणून विष्णुपंत ओसरीवर आले, तर अंगण नव्हतं. अंगणाच्या जागी खाडी होती, आणि त्यांच्या नव्या कोऱ्या वहाणा शेजारी शेजारी तरंगत बांधाकडे निघाल्या होत्या.

मालक जरासुद्धा गडबडला नाही. म्हणाला, "अवसेची भरती हाय. घरात येत नाय. उंबऱ्याच्या पाया पडते नि जाते."

"आणि नाही गेली तर?" विष्णुपंतांनी धोतर वर धरून विचारलं.

"तं आमी माळ्यावर जातो."

दादासाहेबांनी पाण्याच्या रकान्यात शेरा मारला, 'मुबलक'.

* * *

डोंबिवलीला मी गेलो होतो. तेव्हाची डोंबिवली म्हणजे एक लहानसं स्टेशन आणि चहूकडे भातखाचरं. गाडीतून मी एकटाच उतरलो. एक म्हातारे शेतकरी मला घ्यायला आले होते. त्यांचं एक रिकामं घर होतं, विहिरीसकट.

मला मुख्य काळजी अंतराची. रोज कचेरी गाठायची, उशीर झाला तर साहेब हजेरीवर फुली मारायचा. म्हणून मी उतरल्या उतरल्या विचारलं, घर किती लांब आहे? बाबांनी कानामागची विडी काढली, पेटवली आणि म्हणाले, "ही विडी सरंल तवर पोचू."

हे बरं झालं, असं मनात म्हणत मी निघालो. एक बांध झाला, दुसरा झाला, एक ओढा झाला. कुणाच्या तरी खळ्यात पाणी प्यायलो. चिंचेखाली बसलो. पाऊण तास झाला असेल. शेवटी मी म्हटलं, बाबा, तुमची विडी फार चालते.

बाबांनी कानामागे हात नेला आणि अर्धी विडी काढून मला दाखवली. "विजली व्हती," ते म्हणाले. "विजलेली विडी सरंल कशी?"

घर मात्र चांगलं होतं. निघताना ते आग्रहाने म्हणाले, की एकदा राहायला आलात तर परत मुंबईला जावंसं वाटणार नाही. त्यांचं खरं होतं. त्या अंतरावरून परत जाणं शक्यच नव्हतं.

* * *

तरीसुद्धा आमच्यातला एक जण डोंबिवलीला गेलाच. मोरोपंत. आणि गेले ते डाळीमुळे.

मोरोपंतांचा एक सिद्धान्त होता. हवा सगळीकडे सारखीच, माणूस जगतो तो पाण्यावर, आणि पाण्याची परीक्षा तुरीच्या डाळीत. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजते ते पाणी पोटाला हलकं. तीन रविवार खर्च करून त्यांनी ठाणं, कल्याण आणि डोंबिवली इथल्या विहिरींचं पाणी तीन बाटल्यांत भरून आणलं, चिठ्ठ्या डकवल्या आणि बाटल्या घरात देवळीत ठेवल्या. पुढच्या रविवारी त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या राधावहिनींनी, तीन चुलींवर तीन पातेली चढवली. मोरोपंत खिशातलं घड्याळ काढून समोर पाटावर बसले. साक्षीदार म्हणून आम्ही दोघे.

ठाण्याची डाळ बरी शिजली. कल्याणची जरा रेंगाळली. डोंबिवलीची मात्र बघता बघता लोण्यासारखी मऊ झाली. मोरोपंतांनी घड्याळ मिटलं. पंधरा दिवसांत ते डोंबिवलीत राहायला गेले.

दोन वर्षांनी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. वरण उत्तम झालं होतं. मोरोपंत मला परत तो सिद्धान्त समजावू लागले. वहिनी वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, आता सांगते, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल. त्या परीक्षेच्या आधी केर काढताना त्यांच्या हातून डोंबिवलीची बाटली सांडली होती. नवरा तीन रविवार राबलेला, त्याला सांगायचं कसं? म्हणून त्यांनी ती चाळीच्या नळावर भरून ठेवली होती.

मोरोपंतांचा घास हातातच राहिला. त्यांनी विचारलं, "मग इथली डाळ शिजते कशी?"

"दोन वर्षं पापडखार घालतेय," वहिनी म्हणाल्या आणि मला तूप वाढलं.

* * *

कोलशेतच्या खाडीने वहाणा नेल्यावर विष्णुपंतांनी कल्याण धरलं होतं. तिथे एका पेन्शनीत निघालेल्या मास्तरांच्या घराचा मागचा भाग रिकामा होता. विष्णुपंतांनी त्यांना कार्ड टाकलं, की घर मला पसंत आहे, तरी रविवारी मंडळी पाहायला येतील.

आता आमच्या पिढीत बायकोचं नाव कुणी घेत नसे. विष्णुपंतांची 'मंडळी' म्हणजे त्यांची पत्नी, काडीसारखी बारीक बाई. मास्तर व्याकरण शिकवण्यात म्हातारे झालेले. 'मंडळी येतील' हे अनेकवचन त्यांनी अक्षरशः घेतलं.

रविवारी विष्णुपंत आणि त्यांची पत्नी जाऊन उभे राहिले, तर आत बारा पाट मांडलेले, रांगोळ्या घातलेल्या, मास्तरीणबाई पुरण वाटून घामाघूम. मास्तर दारात येऊन त्यांच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहत राहिले.

"बाकीची मंडळी मागून येतायत का?"

"मंडळी हीच," विष्णुपंत म्हणाले.

मास्तरांनी त्या बाईंकडे पाहिलं, मग पाटांकडे पाहिलं. चिडले नाहीत. बाहेर जाऊन त्यांनी आळीतून दहा माणसं जेवायला बोलावून आणली. पंगत उठेपर्यंत साऱ्या आळीला कळलं होतं, की हे मास्तरांचे नवे भाडेकरू. विष्णुपंत आम्हाला म्हणाले, की न्हाणीघर काळोखं होतं हे खरं, पण आपल्यासाठी बारा पानं मांडल्यावर नाही म्हणायला तोंड कुठलं?

* * *

राहिलो मी.

मी सगळ्यांत चिकित्सक, म्हणून सगळ्यांत मागे पडलो. तोवर रोग वाढला होता, आणि मुंबईहून आलो म्हटलं की दारं अर्धी मिटायची. त्यातून आमची चिमी, दोन वर्षांची मुलगी, खोकत होती. साधा पडसं-खोकला, पण तो लोकांना कुठून कळणार? ठाण्यात दोन ठिकाणी ठरलेली बोलणी तिचा खोकला ऐकून मोडली. एका बाईंनी आम्हाला खिडकीतूनच सांगितलं, की घर कालच दिलं. परतीच्या गाडीत आमची मंडळी नुसती पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढच्या रविवारी माजिवड्याला जायचं होतं. ठाणं स्टेशनहून बैलगाडी. गावात दोन घरं रिकामी होती असं कळलं होतं. मी हातात दादासाहेबांच्या तक्त्याची नक्कल घेतली होती, विहीर पाहायची, वाट मोजायची, बाजार विचारायचा. वाटेत धुळीने चिमीचा खोकला वाढला. गाडी थांबली तेव्हा ती लालेलाल होऊन रडत होती.

गाडीवान घरमालकाला शोधायला गेला. आम्ही एका आंब्याखाली उभे राहिलो. समोरच्या झोपडीवजा घरातून एक बाई बाहेर आली. मिठागरात राबणारी असावी, पायांना पांढऱ्या भेगा पडलेल्या. ती आमच्याकडे येऊ लागली तशी मी आधीच सांगून टाकलं, की आम्ही मुंबईहून आलोय आणि पोरीला खोकला आहे. लपवून काही उपयोग नव्हता.

ती थांबली नाही. सरळ आली आणि मंडळींच्या कडेवरून चिमीला उचलून आपल्या कडेवर घेतलं. तिची मान जरा मागे करून घसा पाहिला. "पोरीचा घसा सुकलाय," म्हणाली, "आन् तुमी उन्हात उबे काय?"

तशीच ती पोरीला घेऊन घरात गेली. आम्हीही मागोमाग गेलो. तिने मडक्यातली तांदळाची पेज वाटीत ओतली, बोट बुडवून ऊन तर नाही ना पाहिलं आणि चिमीच्या ओठांना वाटी लावली. आमच्या घरात हे चालण्यातलं नव्हतं. कुणाच्या हातचं कोण खातं याचे आमच्याकडे नियम होते, आणि ते माझ्यापेक्षा मंडळींनी जास्त पाळले होते. मी मंडळींकडे पाहिलं. ती चिमीकडे पाहत होती. चिमी दोन्ही हातांनी वाटी धरून घटाघटा पीत होती.

इतक्यात गाडीवान घरमालकाला घेऊन आला. मालक म्हणाला, चला, आधी विहीर दाखवतो. मी तक्ता उघडला, शाईची पेन्सिल काढली आणि मंडळींना म्हटलं, की चल, पाणी पाहून घेऊ, मग वाट मोजू.

ती उठली नाही. तिने पदर खोचला.

"तुम्ही जा नि मुंबईहून सामान घेऊन या," ती म्हणाली. "जाताना आपलं घर कुठलं ते तेवढं दाखवा, म्हणजे मी केर काढायला घेते."