काकूला दोन काका दिसायचे

मेडशीच्या माझ्या काकूला सगळं दुहेरी दिसायला लागलं, तेव्हा तिनं आधी चष्मेवाल्यालाच दोष दिला. मालेगावहून नवा चष्मा आणून आठवडाही झाला नव्हता. पण चष्मा काढला तरी काका दोनच दिसत. "एकाचंच करता करता जलम गेला," ती मला म्हणाली. "आता या दुसऱ्याले कोन जेऊ घालन?"

मग डोकं दुखू लागलं, सकाळी उलट्या व्हायला लागल्या. काही वर्षांपूर्वी तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून अकोल्याच्या त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी वाशीमला शाळेत शिकवते, त्यामुळे डॉक्टरांशी बोलायचं काम घरात माझ्याकडेच येतं. एमआरआय झाला, पाठीतून पाणी काढून तपासलं. रिपोर्ट आल्यावर बाईंनी काकांना आणि मला आत बोलावलं. कॅन्सर मेंदूच्या आवरणात पसरला होता.

बाहेर येताना काका कुजबुजले, "तिले सांगू नोको."

"काय म्हनते डॉक्टरीन?" काकूनं विचारलं.

"गॅस चढला डोक्यात," काका म्हणाले. नेमकं त्याच वेळी मी म्हणाले, "मानेची नस दबली."

काकूनं आमच्याकडे पाहिलं. तिच्या हिशेबानं आम्ही चौघं खोटं बोलत होतो. ती उठली आणि भिंत धरून सरळ आत जाऊन बसली.

"बाई, कॅन्सर मले झाला. बातमी या लोकायले काहून सांगता?"

बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मेंदूभोवती पातळ आवरण असतं, त्यात पाणी असतं, त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी उतरल्या आहेत, असं सांगितलं. हा पूर्ण बरा होणारा आजार नव्हता. काहीच केलं नाही तर बहुतेकांना काही आठवडे मिळतात, औषध लागू पडलं तर काही महिने, क्वचित कुणाला वर्षाहून जास्त.

"तुमचं नक्की किती, ते मला सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या.

"म्हंजे तुमाले बी नाई माहीत."

"अंदाज आहे."

"हवामान खात्यावानी."

बाईंना हसू आलं. मला आलं नाही. काका खिडकीबाहेर बघत होते.

"करा मंग इलाज," काकू म्हणाली. "पन एक सांगा, या मानसाले सैपाक शिकाले किती दिवस लागतीन?"

काकांना चहासुद्धा करता येत नव्हता. डोक्याला रेडिएशन झालं, गोळ्या सुरू झाल्या, डोकेदुखी उतरली. बाईंनी एका डोळ्यावर पट्टी बांधायला सांगितली, तसा एकच काका उरला. मग काकूनं बाज स्वयंपाकघराच्या दारात ओढायला लावली आणि शिकवणी सुरू केली. पहिल्या पिठल्यात गाठीच गाठी झाल्या. "बेसन आंदी पान्यात कालवा, मंग टाका," ती ओरडायची. काका म्हणायचे, "थांब ना, पोळून राह्यलं."

शेजारच्या बायका आजारी माणसाला भेटायला, चार आसवं गाळायला यायच्या, आणि काकांना भाकर थापताना बघत बसायच्या. सोयाबीन निघायच्या दिवसांतही त्यांना त्यासाठी सवड मिळायची. एकीनं तर आपल्या नवऱ्यालाच आणून बसवलं. तो पुन्हा आला नाही.

हिवाळ्यात काकूचे पाय गेले, मग एका कानानं ऐकू येईना. औषधाचा गुण संपत आला, असं बाई म्हणाल्या. पुढचे उपचार नकोत, हे काकूनंच ठरवलं. दुखणं कमी करायच्या गोळ्या तेवढ्या देत आम्ही तिला घरीच ठेवलं. आता ती बराच वेळ झोपून असायची.

एका दुपारी काका तिला चमच्यानं पिठलं भरवत होते. मी उशाशी बसले होते.

"मीठ कमी हाये," ती म्हणाली.

"बिमार मानसाले कमीच देतेत."

"कमी खाऊन मी वाचनार हावो काय?"

काका उठून मीठ घेऊन आले, वरून चिमूटभर टाकलं. तिनं अर्धी वाटी खाल्ली आणि त्यांच्या हाताला हात लावून पडून राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी, ती झोपेतच गेली. काकांचा मला फोन आला तेव्हा मी शाळेत निघाले होते.

"ये," एवढंच ते म्हणाले.

मी शाळेला कळवलं आणि मेडशीची एसटी धरली.