मनोहरभाऊ आणि सरूबाईचा डावा डोळा

मनोहरभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे पाहत. दारातली बाई या बसा म्हणते आहे, कुणी पाण्याचा गडवा पुढे करतं आहे, आणि ह्यांची मान वर. भिंतीवर हार घातलेला एखादा आजोबा दिसला की दोन पावलं पुढे जायचं, चष्मा सावरून त्याला नीट बघायचं, आणि मग बसायचं. माझ्या पुतणीच्या सोयरिकीला आम्ही सोबत गेलो होतो. तिथे पोहे यायच्या आत त्यांनी मुलाच्या बापाला सांगितलं, "तुमचा बुढा उन्हात टांगला तुमी. दुपारच्याले खिडकीतून ऊन येत असन त्याच्यावर. रंग उडून राह्यला. जागा बदला त्याची." मुलाच्या बापाला वाटलं, हे कुणी वास्तूबिस्तू बघणारे असतील. त्याने लगेच फोटो काढून समोरच्या भिंतीला लावला. तो बुढा मनोहरभाऊंनीच तयार केलेला होता.

तयार केलेला म्हणजे काय, ते सांगते. रिसोडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. शेजारी माझं शिवणकामाचं दुकान, मध्ये फळ्यांची भिंत. त्यांना शिंक आली की माझ्याकडे कळायची. लग्नाचे, शाळेच्या फॉर्मचे फोटो ते काढत, पण त्यांचं खरं नाव होतं गेलेल्या माणसांच्या कामात. खेड्यावर कुणी गेलं की तेरवीपर्यंत फोटो हवा असतो, आणि फोटो नसतो. असलाच तर आधार कार्डावरचा, नाहीतर लग्नाच्या घोळक्यात मागच्या रांगेत अर्धा चेहरा. तेवढ्यावरून मनोहरभाऊ कॉम्प्युटरवर अख्खा माणूस उभा करत. चेहरा कापून घ्यायचा, मोठा करायचा, डाग-रेघा काढायच्या आणि खाली खांदे जोडायचे. खांदे तयार असत. पुरुषांसाठी एक कोट, एक पांढरा सदरा, एक टोपी-उपरणं. जन्मभर बंडीवर राहिलेले कितीतरी लोक मेल्यावर त्या कोटात गेले.

बायकांचे खांदे माझे. एकदा फळीवर टकटक करून म्हणाले, "ताई, हिरवं लुगडं नेसून या बरं, दोन मिनिटाचं काम हाय." मी गेले, बसले, फोटो निघाला. वर्षभराने एका गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला गेले, तर भिंतीवर तिची सासू माझं लुगडं नेसून बसलेली. काठावरची माझी सेफ्टी पिनसुद्धा होती. दुकानात येऊन मी मनोहरभाऊंना म्हटलं, "मी जित्ती हावो अन् तुमी मले मेलेल्या बायायच्या खाली लावून राह्यले?" ते म्हणाले, "तुमचे खांदे सरळ हायेत ताई. इतके वर्स मशीनवर बसून बी वाकले नाई. अजून कोनाचे घेऊ?" तालुक्यात चाळीस-पन्नास घरांत तरी माझ्या खांद्यांवर दुसरीचं डोकं असेल. पुढे सवय झाली.

फोटो घेऊन कुणी आलं की ते एकच विचारत, "घरात यांच्यासंगं सगळ्यात जास्त कोन भांडलं? त्याले पाठवा." लोक आधी चपापत. मनोहरभाऊंचं म्हणणं असं की, लाडक्या माणसाला चेहरा नीट आठवत नाही. "पोरीले विचारा, ते सांगन माय देवीवानी होती. आता देवी कशी काढू मी? जो तोंडावर तोंड देऊन भांडला, त्यानं सगळं पायलं असते." मग तो भांडलेला मुलगा नाहीतर सून येऊन बसायची आणि सांगायची, नाक इकडे वळलेलं होतं, दात पुढे होता. मनोहरभाऊ तो दात पुढेच ठेवत. कुणी म्हणालं जरा गोरं करा, तर म्हणत, "गोरा करून देतो, पन मंग नाव बी दुसरं लिवा खाली."

हे सगळं ते एकाच सॉफ्टवेअरवर करत. अकोल्याहून सीडी आणली होती, फार जुनी. इंग्रजी त्यांना चारच शब्द येत, पण त्यातलं सगळं जागेवरून पाठ. डाव्या हाताचा तिसरा ब्रश, वरच्या ओळीतलं पाचवं बटण. 'आपलं सॉफ्टवेअर' म्हणत, घरच्या बैलाबद्दल बोलावं तसं. माझ्या कात्रीला मी कुणाला हात लावू देत नाही, तसंच.

तो जुना कॉम्प्युटर एक दिवस बंद पडला तो पडलाच. त्यांच्या जावयाने नवा पाठवला. सीडी घातली, सॉफ्टवेअर भरलं, आणि पडद्यावर एक इंग्रजी पाटी आली. ती जाईना. गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या पूजा मॅडम होत्या, त्यांना बोलावलं. त्यांनी वाचलं आणि सांगितलं, "काका, कंपनीनं हे सॉफ्टवेअर बंद केलं. नव्या मशीनवर टाकायचं तर त्यांची परवानगी लागते, आणि परवानगी देणारं तिकडं कुणी राहिलं नाही."

"बंद केलं? काहून? मी त चालू हावो."

"दुसरं घ्या म्हणतात."

"त्यायले माहं काम माईत हाय का?"

पूजा मॅडम हसल्या. मनोहरभाऊ हसले नाहीत. जुन्या डिस्कमधल्या फायली मॅडमनी काढून दिल्या, पण त्या फक्त त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या. म्हणजे तो कोट, तो सदरा आणि माझे खांदे, सगळे आत कोंडले गेले.

आता दुसरं कोणतं, ह्यावर महिनाभर खल चालला. फळीच्या अलीकडून मी सगळं ऐकत होते. एक मोठ्या कंपनीचं होतं, ते विकत मिळत नाही, महिन्याच्या भाड्याने मिळतं. मनोहरभाऊंनी मला विचारलं, "ताई, तुमी कात्री भाड्यानं आनली का कदी? ज्या दिवशी त्याच्या मनात येईन त्या दिवशी ते बी पाटी लावन. एकडाव पायलं ना आपन." दुसरं होतं ते जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेलं, फुकट, कुणी बंद करू शकत नाही म्हणे. पण त्यात बटणं सगळी भलतीकडेच. मनोहरभाऊ ते दहा मिनिटं बघत आणि उठून चहा पीत. साठी उलटलेल्या माणसाला घरातली भांडी कुणी रात्रीतून उलटीपालटी करून ठेवावी, तसं ते झालं. आणि तिसरं मोबाइलमधलं. त्यात फोटो टाकायचा, बोट लावायचं, झालं.

माणसं काही सॉफ्टवेअर येईपर्यंत जायची थांबत नाहीत. त्याच दिवसांत केनवडची सरूबाई गेली. तिची सून वंदना माझं जुनं गिऱ्हाईक. वंदनाचा नवरा दिनकर आधार कार्ड घेऊन आला, तेरवी चार दिवसांवर. मनोहरभाऊंनी त्याला घरात कोण भांडलं ते विचारलं नाही, हे मला तेव्हाच खटकलं होतं. त्यांनी मोबाइलमध्ये फोटो टाकला आणि बोट लावलं. सरूबाई निघाली. लुगडंही मोबाइलनेच नेसवलं, जांभळ्या रंगाचं, चमकणारं. दिनकर खूश. तेरवीला आलेल्या सगळ्यांनी नावाजलं, बुढी किती गोरी दिसून राह्यली म्हणाले.

पंधरा दिवसांनी वंदना ब्लाउज घ्यायला आली. मी सहज विचारलं, फोटो चांगला झाला म्हणतात. ती काज-बटणं तपासत म्हणाली, "फोटो चांगला हाय मामी. पन आमची बुढी नाई ते."

"म्हंजे?"

"कोनी बी बाई हाय. मी सकायी उदबत्ती लावतो त मले वाटते शेजारनीले ओवायून राह्यलो. कपायावरचं गोंदन नाई. अन् डावा डोया त बारीक होता त्यायचा. त्याच डोयानं पायत होत्या ना माह्याकडे, सोळा वर्स."

फळीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मनोहरभाऊ माझ्या दारात येऊन उभे राहिले. वंदनाला म्हणाले, "पोरी, उद्या येतो मी केनवडले. तो फोटो खाली काढू."

दुसऱ्या दिवशी जीपने आम्ही दोघं गेलो. मनोहरभाऊंनी ह्या खेपेला भिंतीकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. मोबाइलने सरूबाईचं गोंदण डाग समजून पुसलं होतं आणि दोन्ही डोळे एका मापाचे केले होते. मी माझ्या शिलाईतली चूक अशी बघत नाही, चटकन उसवते. ते उभेच.

दिनकर तयार नव्हता. "मनोहरकाका, हार घातलेला फोटो कोनी उतरवते का? लोक काय म्हनतीन? माय दोनदा मेली काय आमची?"

"एकडाव बी बसली नाई ते भितीवर. दुसरी कोन त बसली हाय, तिले घेऊन जाऊन राह्यलो मी," मनोहरभाऊ म्हणाले. "आखाजीले घागर भरसान ना तिच्या नावानं? त्याच्या आंधी तुही माय आनून देतो. नाई जमली, त हा घे फोटो परत अन् स्टुडिओ बंद. मंग मी हे काम करत नाई."

दिनकरला त्यातलं पहिलंच ऐकू आलं. मला दुसरं ऐकू आलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पाच आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोबाइलमधलं ते काढून टाकलं आणि पूजा मॅडमकडून फुकटचं सॉफ्टवेअर भरून घेतलं. "त्याच्यात लय मेहनत हाय काका," मॅडम म्हणाल्या. "म्हनूनच," ते म्हणाले. "मेहनत माही असन, त चेहरा बी मले इचारून बदलन." दोनशे पानी वही आणली. डाव्या पानावर जुनं बटण, उजव्या पानावर त्याच कामाचं नवं. नावं लिहायची नाहीत, चित्रं काढायची. सकाळी क्लासमध्ये विद्यार्थ्यांच्या मागच्या बाकावर बसून येत, दुपारी स्टुडिओत करून बघत. पहिले आठ दिवस तर चेहरा कापायला गेलं की कानच कापला जाई. फळीवर टकटक व्हायची, "ताई, आज बी कान गेला."

तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "आता खांदे पायजेत." मी हिरवं लुगडं काढलं. तेच, पेटीत ठेवलेलं. कॅमेऱ्यातून बघून त्यांनी कॅमेरा थोडा खाली घेतला. मीच म्हटलं, "वाकले ना?" ते म्हणाले, "वाकले. बरं झालं. सरूबाई बी वाकूनच चालत होती."

आखाजीला तीन दिवस राहिले तेव्हा त्यांनी वंदनाला निरोप धाडला. ती दुपारच्या गाडीने आली. उन्हाने तोंड लाल झालेलं, पदर कमरेला खोचलेला. मनोहरभाऊंनी तिला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. मी मागे उभी राहिले. पडद्यावर सरूबाई होती. गोंदण आधार कार्डावर धुरकट दिसत होतं, तेवढ्यावरून त्यांनी ते उठवलं होतं, तीन ठिपके आणि खाली एक आडवी रेघ. पण डोळ्याचं कार्डावरून काही कळत नव्हतं. तिथे फोटो काढताना सरूबाईने दोन्ही डोळे ताणून उघडले होते, सगळेच उघडतात तसे.

"डोया सांग," मनोहरभाऊ म्हणाले. "किती बारीक?"

"अर्धा असन."

त्यांनी वरची पापणी थोडी खाली ओढली. वंदना म्हणाली, नाही. अजून ओढली.

"आता झोपल्यावानी दिसून राह्यली. तशा नोयत्या त्या. बारीक होता पन जागी होता."

"कवा पायत होती अशी तुह्याकडे?"

"भाजीत मीठ जास्त झालं का. बोलत नोयत्या, फक्त पायत होत्या. मी म्हनो, बोला ना, काय बोलायचं ते बोला एकडाव. त पायतच राहत."

मनोहरभाऊंनी पापणी पुन्हा वर नेली आणि आता खालची उचलली. खालून वर, केसभर. वहीत बघायचे, माउस हलवायचे, पुन्हा वहीत. वंदना मान तिरकी करून बघत होती. "खाली सुरकुती पायजे. चुलीच्या धुरानं पडते तशी." त्यांनी ती घातली. "नाई, एवढी लांब नाई." ती त्यांनी आखूड केली. पंखा फिरत होता, गल्लीत कुणीतरी गॅसच्या टाक्या उतरवत होतं. पाऊण तास झाला असेल. "आता?" त्यांनी विचारलं. वंदना पडद्याजवळ वाकली. त्यांनी पापणीच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका दिला, नजर किंचित वळवली, पडद्यावरून सरळ आमच्याकडे.

वंदनाने कमरेचा पदर सोडवला, डोक्यावरून घेतला आणि ती खुर्चीवरून उठून उभी राहिली.

मनोहरभाऊंनी वहीतलं शेवटचं चित्र, छपाईचं, बघितलं आणि तेवढं बटण दाबलं.