सुभानाचा दाखवायचा साबण

आमचा सुभाना आंघोळ करत नाही, असं एकदा लष्करी तपासणीत निघालं होतं.

आज सकाळी तो गेला. सदलग्यात, आपल्या घरी.

आम्ही दोघं बेळगावच्या कॅम्पात एकाच बॅरॅकमध्ये रिक्रूट. मी बेळगुंदीचा. आता कॅम्पातच माझं दुकान आहे, फौजींना लागणारं सगळं ठेवतो. काय खपतं, ते मला त्या बॅरॅकनंच शिकवलं.

तिथं प्रत्येकाकडे दोन सेट. एक वापरायचा, एक इन्स्पेक्शनला दाखवायचा.
ब्रश, रेझर, साबण, सगळं डबल.
पलंगावरच्या ब्लँकेटची घडी मोडू नये म्हणून आम्ही फरशीवर झोपायचो.

त्या शनिवारी सुभानाला घरी जायचा पास हवा होता. रविवारी धाकट्या बहिणीचं लग्न. भाऊ हा एकटाच, नवरदेवाचा कान पिळायला दुसरं कुणी नाही.
किटमध्ये खोट निघाली की पास गेला.

आमच्या उस्तादांनी, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्या हवालदारांनी, त्याचा साबण उचलला. वरची अक्षरंसुद्धा शाबूत.
आंघोळ करतोस का, विचारलं. हा म्हणाला, रोज. मग हा असा कोरा कसा?

सुभाना खोटं बोलण्यात पहिल्यापासून कच्चा.

"उस्ताद, ह्यो तुमचा साबण हाय. माझा खाली बादलीत हाय."

उस्तादांची मिशी जरा हलली. पास मिळाला, पण सोमवारी हाच साबण निम्मा झालेला दिसला पाहिजे, ही अट.

तो रविवार आम्ही बाकीच्यांनी आपापले नवे साबण दगडावर घासण्यात घालवला. पुढचा नंबर कुणाचा, काय सांगावं!

सोमवारी सुभाना परतला. साबण पापडासारखा पातळ. कसं रं केलंस, म्हटलं.

"पंगतीच्या तोंडाशी उभा ऱ्हायलो. हात धुतल्याबिगर एकालाबी जेवाय सोडलं न्हाय."

आज मातीला गेलतो. ती धाकटी बहीण, आम्ही सगळे तिला आक्काच म्हणतो, डोळे पुसत म्हणाली, "अण्णानं कान असा पिळला, ह्यास्नी त्या बाजूनं अजून कमी ऐकू येतंय."

शेजारी उभे असलेले दाजी म्हणाले, "काय म्हणतीस?"

आक्का पहिली हसली. मग आम्ही सगळे, स्मशानाच्या फाटकातच.

माफ कर गड्या, तुझ्या मातीला हसलो.
तूही हसला असतास.

सुखानं जा, सुभाना. शेवटचा राम राम.