अकोल्याला निघालेली बरणी

अमरावतीहून रिक्षाने भातकुलीत उतरले. चटणीच्या शेडचा पत्ता विचारावाच लागला नाही. भाजलेल्या जवसाच्या (अळशीच्या) वासामागे गेले. चार बायकांना हाताशी घेऊन हा छोटा कारखाना सुनंदाताई चालवतात. "बसा जी," म्हणत त्यांनी नवी बरणी उघडली आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीवर चटणी वाढली, वर कच्चं तेल. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं, तरी हात थांबला नाही.

खाऊन झाल्यावर कळलं की ती बरणी अकोल्याच्या एका किराणा व्यापाऱ्याला दाखवायची होती. नमुन्याच्या चार बरण्या भरल्या होत्या. दोन आल्यागेल्यांनी संपवल्या, तिसरी मी.

"असा धंदा होतो का?" मी हसत विचारलं.

"आता पाव्हना आला तं त्याले बंद बरनी दाखवाव का?"

व्यापाऱ्याने माल घेतला तरच शेडमधलं चटणी कुटायचं मशीन वर्षभर चालणार होतं. नाहीतर ते झाकून ठेवून बायका पुन्हा दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जाणार होत्या. मी अकोल्याला जाणारच होते. चौथी बरणी मोठ्या ऐटीत मांडीवर घेऊन एसटीत बसले.

मूर्तिजापूरच्या पुढे टायर पंक्चर झालं. जेवायची वेळ टळून गेली. शेजारच्या आजीने फडकं सोडलं, भाकर मोडून अर्धी माझ्या हातात दिली. सोबत नुसता कांदा. "काहून पाहून राहिली नुसती? खाय नं बाई!" दुसऱ्याची भाकर खायची आणि स्वतःची बरणी झाकून ठेवायची? माझ्याच्याने ते होईना. झाकण उघडलं. वास मागच्या बाकापर्यंत गेला, कंडक्टरसुद्धा आपली पोळी घेऊन आला.

अकोल्याच्या दुकानात तळाशी उरलेली दोन चमचे चटणी घेऊन उभी राहिले, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं खरं सांगून टाकलं. म्हातारे व्यापारी चटणी चाखत ऐकत होते.

"एसटीत कोनी नावं ठेवली?"

"नाही. सगळ्यांनी पत्ता विचारला."

"मंग मी अजून काय पाहू? मीठ जरासं कमी करा म्हनाव, अन् दर हप्त्याले माल पाठवा."

त्यांनी बरणी धुऊन तुरीच्या डाळीने भरून दिली. रिकामं भांडं परत पाठवायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी भातकुलीत सुनंदाताईंनी बरणीतली डाळ पाहिली आणि ती धुऊन कुकरला लावली. "पैले जेवा. वाईट खबर असन तं उपाशी पोटी नाई आयकाव." ती डाळ शिजेपर्यंत मला कुठला धीर! कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत सांगून मोकळी झाले. त्या दारापाशी धावल्या. मग पदराने डोळे पुसत शेडकडे ओरडल्या, "मशीन झाकू नका वं!"

निघताना मलाही पुण्यासाठी एक बरणी मिळाली. ती आगगाडीत शेगावपर्यंतही टिकली नाही, आणि या वेळी मला जराही वाईट वाटलं नाही. धुऊन खिडकीत ठेवली आहे. रिकामी परत कशी देणार? काय भरून न्यावं, तेवढंच अजून ठरत नाहीये.