आधी नावं, मग गाणं

अन्याय झाला लखूअण्णावर. गेल्या वैशाखात, राहात्याच्या एका लग्नात, अक्षता पडून आहेराची नावं पुकारणं चाललं होतं तेव्हा. अण्णा आता नाही. काविळीनं नेला. मी केडगावात आमच्या कामगार संघटनेची पत्रकं वाटत होतो, तिथं त्याच्या बँडचा ढोलवाला गणपा सायकलवरून आला. "अण्णा ग्येला..." एवढंच म्हणाला आणि हँडलवर बोटं आपटत उभा राहिला.

अण्णा केडगावचा, नगरजवळच्या नागापूरच्या वर्कशॉपात लेथवर आणि लग्नसराईत क्लॅरोनेटवर. चौघांचा बँड. आधी तेही सगळ्यांसारखी सिनेमातलीच गाणी वाजवायचे. एका संध्याकाळी वर्कशॉपबाहेरच्या चहावाल्याच्या रेडिओवर जर्मनीहून येणारा हिंदी कार्यक्रम लागला. निवेदक सांगत होता, तिकडची काही पोरं आधी इंग्रजीत गायची, आता आपल्या जर्मनमध्ये गातात, गाणीही स्वतःच रचतात. मग गाणं लागलं. आम्हाला शब्द कळेल तर शपथ!

"भांडन चाललंय का रं?" गणपा हसला.

"भांडन न्हाई, येड्या. घरातल्यावानी बोलत्यात," अण्णा म्हणाला. "आन् आमी? हिरोचं उसनं रडतो."

तिथून बँड बदलला. झालरीचे लाल कोट पेटीत गेले, चौघं कामाच्या सदऱ्यात यायला लागले. गाणी नगरच्या बोलीतली, अण्णानं जुळवलेली. 'भोंगा झाला, भाकर बांध' हे त्यातलं पहिलं. क्लॅरोनेट कारखान्याच्या भोंग्यासारखा एकच सूर लांबवायचं, आणि ढोल उशीर झालेल्या कामगारासारखा धापा टाकत मागून यायचा. "सिनेमाचं वाजवा की!" असं कुणी ओरडलं तर अण्णा म्हणायचा, "ते रेडिओवर ऐका, मामा. आमी काय तिकडून आलो न्हाई." दुष्काळात खडी फोडायच्या कामावर आमची सभा होती, तिथं त्यानं हेच गाणं वाजवलं. बायांनी हातोड्या थांबवल्या नाहीत, ठेक्यात आणल्या. माझं भाषण कुणाला आठवत नाही!

त्याची एक खोड होती. गाण्याआधी चौघांची नावं सांगायचा. राहात्याला टॉवेल-टोपी आणणाऱ्यांची नावं माईकवर दोन-दोनदा पुकारत होते. सकाळपासून गाल फुगवून वाजवणाऱ्यांचं एकदाही नाही. अण्णानं माईक घेतला. "ढोल, गणपा, केडगाव..." नवरदेवाच्या चुलत्यानं माईक हिसकावला. "वाजवनाऱ्याला नाव कशाला रं? वाजव अन् पंगतीला बस!"

"बसलो असतो, पाव्हनं," अण्णा म्हणाला. "पन आमी निनावी जेवत न्हाई."

चौघं उपाशी परतले. अण्णा वाटभर शिट्टी वाजवत होता, पण डोळे लाल होते... आठवड्यात त्यानं वर्कशॉपात पत्र्याचा कर्णा करून घेतला. "आता ह्यो हिसकावून दावा म्हनावं!" त्यानंतरच्या प्रत्येक लग्नात नावं त्या कर्ण्यातून झाली.

परवा केडगावात एका वरातीत दुसरा बँड 'भोंगा झाला' वाजवत होता. पोरं धुंद नाचत होती. मी बँडमास्तरला विचारलं, गाणं कुणाचं? "जुनं हाय. असंल कुनाचं तरी."

जुनं? बनवणाऱ्याच्या चितेची राख अजून ताजी आहे!

कर्णा अण्णाच्या घरी खिळ्याला टांगलाय. त्याच्या पत्नी पारूवहिनी तो रोज पुसतात, कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, "त्येंचं नाव कुनी घेनार आसंल, तरच काढीन."

वाचकहो, हळहळ नको. तुमच्या मांडवात हे गाणं वाजलं, की आहेराची नावं थांबवा. माईक घ्या. म्हणा, "गाणं लखूअण्णाचं, केडगाव." मग वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव विचारा आणि मोठ्यानं पुकारा. नाचायचं ते त्यानंतर.